कांचनार, पुनर्नवा, मंजिष्ठा की गुळवेल? लसिकेसाठी वनस्पती निवडताना

मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात काखेतल्या गाठीही काढल्या. दीड वर्षाने तिचा डावा हात सुजू लागला. आधी बांगड्या रुतायला लागल्या, मग ब्लाउजची डावी बाही उसवून घ्यावी लागली. महिन्याभरात घरात औषधांची रांग लागली. शेजारच्या काकूंनी कांचनार गुग्गुळाच्या गोळ्या दिल्या, मामाने बांधावरची पुनर्नवा मुळासकट उपटून आणली, कुणी मंजिष्ठा चूर्ण दिलं आणि न्यू जर्सीच्या मावसभावाने थेंबांची बाटली पाठवली. ‘लिंफसाठी चांगलं असतं,’ असं सगळेच सांगत होते. प्रेमापोटीच सांगत होते. पण नेमकं कशासाठी चांगलं, हे कुणालाच विचारलं नव्हतं.

म्हणून वनस्पतींच्या आधी सुजेबद्दल. रक्तवाहिन्यांमधून झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं गोळा करून परत रक्तात सोडणारी वाट म्हणजे लसिकासंस्था, इंग्रजीत लिंफ. तिच्यामागे हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांच्या जोरावर ती वाहते. या वाटेवर तीन वेगळ्या तक्रारी येतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे दुखरी गाठ. जखम भरली की तेही ओसरतं. मानेत किंवा काखेत गाठ येते आणि राहते. आणि तिसरी, वाट अडल्यामुळे अख्खा हात किंवा पाय सुजतो, जसा मावशीचा. गाठीचं औषध सुजेला आणि सुजेचं गाठीला, अशी अदलाबदल घरोघरी चालते.

गाठीसाठी परंपरेत पहिलं नाव कांचनाराचं. शार्ङ्गधरसंहितेतला कांचनार गुग्गुळ गंडमाळा, अपची, ग्रंथी अशा गाठींच्या आजारांसाठीच सांगितला आहे, आणि त्यावर अनुपान म्हणून, म्हणजे गोळीसोबत प्यायला, गोरखमुंडीचा काढाही सुचवला आहे. झाड आपल्या ओळखीचं आहे. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या नावाखाली सर्रास ज्याची पानं विकली जातात, तेच कांचन. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं तळहाताएवढं आणि पातळ. औषधात मात्र साल वापरतात, पानं नाहीत.

या गोळीची एक बाजू विकणारे फारशी सांगत नाहीत. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्ण्याची साल, वेलची, दालचिनी, तमालपत्र हे सगळं एकत्र करून जेवढं वजन भरेल, तेवढाच गुग्गुळ त्यात घालायचा असा मूळ पाठ आहे. म्हणजे नाव कांचनाराचं असलं तरी अर्धी गोळी गुग्गुळाची. गुग्गुळ हे ताकदीचं द्रव्य आहे. डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची औषधं त्याच्यासोबत घेतली तर कमी शोषली जातात. 2003 मध्ये अमेरिकेत कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाची चाचणी झाली, तेव्हा काही जणांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. थायरॉईडच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, दिवस गेले असतील, तर वैद्यांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. मावशीची कॅन्सरची गोळी चालू होती. त्यामुळे काकूंच्या गोळ्या आम्ही परत केल्या.

आणि गाठ काय आहे हे ठरल्याशिवाय तर मुळीच नको. आपल्याकडे मानेतल्या न ओसरणाऱ्या गाठीमागे क्षयरोग असण्याची शक्यता मोठी असते; जुन्या लोकांची गंडमाळ बरेचदा तीच. सुईने नमुना घेऊन तपासणी होते आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी, दगडासारखी टणक, गळपट्टीच्या हाडावर आलेली, किंवा ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं यांच्या जोडीने आलेली गाठ कांचनाराच्या भरवशावर महिनाभर ठेवणं मला धोक्याचं वाटतं. तपासणीत गाठ साधी निघाली आणि वैद्य ओळखीचे असतील, तर या सगळ्यांत मी कांचनारच निवडीन.

पुनर्नवेचा प्रांत सुजेचा. आपल्याकडे तिला घेटुळी म्हणतात. भुईसरपट पसरणारी वेल, तांबूस देठ, मोहरीएवढी गुलाबी फुलं आणि कपड्यांना चिकटणारी बारीक फळं. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून. पांढरी पुनर्नवा म्हणून जो खापरा विकतात, तो वेगळ्याच कुळातला; त्याची पानं मांसल असतात, हाताला लगेच कळतं. मूळ लघवी साफ करतं, म्हणून शोथावर, म्हणजे सुजेवर, ती शतकानुशतकं दिली जाते.

मामाचं म्हणणं त्यामुळे अगदीच चूक नव्हतं. पण लसिकेच्या सुजेत नुसतं पाणी साचत नाही, पाण्यासोबत प्रथिनंही अडकतात. लघवी वाढवली की पाणी थोडं उतरतं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. याच कारणाने अशा सुजेवर डॉक्टरही लघवीच्या गोळ्या कायमच्या देत नाहीत. प्रवासाने किंवा दिवसभर उभं राहून पावलं जड होत असतील, तर घेटुळीची भाजी खुशाल खा. मुळाचा काढा रोज घ्यायचा तर ब्लड प्रेशर आणि मूत्रपिंड यांची विचारपूस आधी. दोन्ही पाय एकदम सुजले असतील तर हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी.

मंजिष्ठा रक्तशुद्धीची, त्वचेची. मुळी मोडली की आत विटकरी लाल; कापड रंगवायलाही हीच वापरत. घेतल्यावर लघवीला लालसर छटा येते, घाबरून जाऊ नका. ‘लिंफ क्लिन्झर’ ही तिची ओळख अलीकडची आहे, आणि गाठ किंवा सूज यासाठी तिला पुढे करावं असं मला काही सापडलं नाही.

गुळवेल आम्हीही कोरोनाच्या काळात घरोघरी वाटली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा आक्षेप घेतला. वाद आहे, पण घेणाऱ्याने दोन्ही शक्यता धरून चालावं. प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती म्हणून थायरॉईड, संधिवात, सोरायसिस यांसारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार असणाऱ्यांनी आणि अवयवरोपण झालेल्यांनी ती टाळावी. लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी बंद.

न्यू जर्सीच्या बाटलीवर तीन परदेशी वनस्पतींची नावं होती: क्लीव्हर्स, रेड रूट आणि पोक रूट. क्लीव्हर्स आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली; पानं तशीच देठाभोवती चक्राकार, अंगावर तसेच आकडे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पोक रूट मात्र विषारी आहे, उलट्या-जुलाबांपासून त्रास सुरू होतो. मावसभावाला फोन करून हे सांगितलं आणि बाटली टाकून दिली. सुजेसाठी असंच सुचवलं गेलेलं कुमॅरिन हे द्रव्य, जे गोड वासाच्या मेलिलॉट गवतात असतं, स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजलेल्या 140 बायकांना देऊन पाहिलं होतं. 1999 मध्ये निष्कर्ष आले: सूज उतरली नाही आणि काहींच्या यकृताला त्रास झाला.

हात-पाय सुजलेल्यांसाठी मग वनस्पती अजिबात नाहीत का? केरळात कासारगोडला एक संस्था हत्तीरोगाच्या रुग्णांवर आयुर्वेद आणि आधुनिक उपचार एकत्र करते. तिथे औषधी पाण्यात पाय बुडवून ठेवतात, पण त्याच्या जोडीला त्वचा धुणं, हलक्या हाताने मसाज, योग-श्वसन आणि दाब देणारी पट्टी हे सगळं रोज असतं. वनस्पतीचं तिथलं स्थान मला पटतं: त्वचा सांभाळण्यापुरतं. कारण सुजलेल्या हाताला एवढीशी चीर पडली तरी जंतुसंसर्ग होतो; हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला की त्याच रात्री अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. सुकल्यावर तडकणारे लेप म्हणूनच मी मावशीच्या हाताला लावू दिले नाहीत.

हत्तीरोगाची गोष्ट अजून वेगळी. तो डासांतून येणाऱ्या कृमींचा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत आरोग्यसेवक घरी येऊन समोर गोळ्या खायला लावतात, त्या खायच्याच. काढा त्यांच्या जागी चालत नाही.

मावशीने शेवटी पट्टी, व्यायाम आणि दाबाची बाही निवडली. घेटुळी ती भाजी म्हणून खाते, आवडते म्हणून. तुमचंही असंच काही चालू असेल तर प्रत्येक काढ्याचं, चूर्णाचं नाव कागदावर लिहून डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दाखवा, आणि पुढे कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर तारखेच्या दोन आठवडे आधी तोच कागद भूलतज्ज्ञांच्याही हाती द्या.