चित्र होताना दाखवायचं: लोकांसमोर की मोबाइलवर?

कृती दाखवली तर चित्राची किंमत उतरेल, ही भीती असेल तर एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन पाहून या. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी दृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. ती युक्ती कळल्यावर माणूस फोटोजवळून हलत नाही, उलट आणखी वाकून बघतो. तेव्हा दाखवायचं की नाही यावर वेळ घालवू नका. कसं दाखवायचं, एवढंच ठरवा. इथे जलरंग धरून चाललो आहोत.

प्रात्यक्षिकात तुमचा खरा शत्रू प्रेक्षक नाही, ऊन आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली उतरेपर्यंत वरचा भाग सुकतो आणि मधोमध कडक रेघ उमटते. ती नंतर पुसायला गेलात की कागदाचा भुगा निघतो. कूलरचा झोत बोर्डावर येत असेल तर आणखीच लवकर. त्यासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, अ‍ॅक्रिलिक शीटवर ओलाच चिकटवा आणि वरचं साचलेलं पाणी टिपून घ्या. खालची ओल बराच वेळ टिकते. आकार ११ × १५ इंच पुरे, त्याहून मोठं चित्र सव्वा तासात उरकत नाही. रेखाटन घरूनच करून न्या. वॉश चालू असतानाची पाच मिनिटं प्रश्न घेणार नाही, हे आधीच सांगून टाका, नाहीतर ऐन वेळी मागून 'हाऊ रंग कोनता शे, भाऊ?' येतं आणि ब्रश थांबतो. (तोच प्रश्न नंतर आला की मात्र अहिराणीतच उत्तर द्या. पुढचा अर्धा तास गप्पा थांबत नाहीत.) वीसच्या वर माणसं असतील तर मागच्यांना फक्त तुमची पाठ दिसते. वरून मोबाइल लावून चित्र टीव्हीवर दाखवावंच लागतं.

व्हिडिओत कागद बिघडला तर दुसरा घेता येतो, हाच मोठा दिलासा. टाइमलॅप्सचं (ठरावीक अंतराने फ्रेम घेऊन वेगाने दाखवलेला व्हिडिओ) गणित सोपं आहे: दर २ सेकंदांना एक फ्रेम धरली तर दोन तासांच्या ३६०० फ्रेम होतात, सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने दोन मिनिटं. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा याची सेटिंग) लॉक केला नाही तर हात आत-बाहेर होताना कागद कधी पिवळा, कधी निळा दिसतो. उजव्या हाताने रंगवत असाल तर दिवा डावीकडून ठेवा, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. आडव्या दांड्याचा स्टँड पुढे कलंडतो, मागच्या पायावर वीट बांधा. पत्र्याच्या खोलीत दुपारी फोन तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं, म्हणून सकाळी दहाच्या आत आटोपा.

तैलरंगात काम करत असाल तर विचारच नको, व्हिडिओ. एक थर सुकायला दिवस लागतात, तेवढा वेळ समोर कोण बसेल? पोर्ट्रेट ऑर्डरचं असेल तर आधी गिऱ्हाइकाला विचारा. शिकवणी किंवा गावातच चित्रं विकायची असतील तर प्रात्यक्षिकाला तोड नाही, कारण माणूस तिथल्या तिथे भाव विचारतो. पण ते डिसेंबर-जानेवारीत ठेवा. तेव्हा वॉशला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि लोकही उन्हात अंगणात बसायला तयार असतात. व्हिडिओचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं निघालं तर कुरिअरचा आणि पॅकिंगचा खर्च किमतीत आधीच धरा, काचेची फ्रेम पाठवू नका.