रत्नागिरीत जपानी शिकले, क्लास कसा वाटला ते सांगते

एप्रिलच्या बॅचला जपानमधल्या भाषाशाळेत जायचंय म्हणून डिसेंबरात इथलाच एक क्लास लावला. नाव लिहीत नाय, सर भेटतात बाजारात. फी बारा हजार, सहा महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड दीड तास.

आधी लिपीचं. हिरागाना ४६ आणि काताकाना ४६ अक्षरं सरांनी महिनाभरात हातातून उतरवून घेतली, रोज पाटी टाकल्यासारखी, आणि चुकलं की परत पहिल्यापासून. इथे फुल मार्क. काताकानात आपलं आडनाव लिहायला शिकलो तेव्हा साळवीचं सारुबि झालं, ळ पण गेला आणि ल पण गेला, बाबा दोन दिवस हसत होते.

पण शिकवणं सगळं इंग्रजीतून, ते काय मला पटलं नाय. अहो सगळ्यांची मराठी आहे ना! जपानीत क्रियापद शेवटी येतं तसंच आपल्याकडे, 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे, टोक्योला मधला 'ला' म्हणजे 'नि', एसटीने मधला 'ने' म्हणजे 'दे'. हे इंग्रजीतून समजवायला अर्धा तास जातो आणि तरी डोक्यात गोंधळ. त्सुनामीचा त्सु पण आपल्याला फुकट मिळतो, चमचा म्हणताना जीभ जिथे लागते तिथूनच. हे मला घरी बसून कळलं, क्लासात कोणी बोललं नाय.

मोजणी मात्र सरांनी भारी शिकवली. जपानीत लांब वस्तू, पातळ वस्तू, मासे, सगळ्याला मोजायचे शब्द वेगळे, पाठ करून डोकं फिरतं. सर म्हणाले मिरकरवाड्याला, मासळीच्या बंदरावर जा नि बांगडे मोजा. इप्पिकि, निहिकि, सान्बिकि... आता आईने किती आणलेस विचारलं की तोंडातून रोप्पिकि येतं. म्हणजे सहा.

आता तक्रार. बऱ्याच भाषाशाळा अर्जाबरोबर एन५ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात पहिली, सोपी पातळी) पास किंवा दीडशे तास शिकल्याचा दाखला मागतात. फी भरताना "दाखला मिळेल" एवढंच सांगितलं होतं. मी मे महिन्यात हिशोब केला तर आठवड्याला साडेचार तास, २६ आठवडे, झाले ११७. उरलेले ३३ कुठून आणायचे? सरांना विचारलं तर आधी म्हणाले बघू, मग आम्ही चौघीजणी एकत्र गेलो तेव्हा अकरा रविवार तीन तीन तास कबूल केले, जादा पैसे न घेता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण आम्ही नसतं विचारलं तर?

दुसरं म्हणजे ऐकणं. एन५च्या परीक्षेत एकूण १८० मार्क, पास व्हायला ८०, पण ऐकण्याच्या ६० पैकी १९ वेगळे लागतातच, ते नाय मिळाले तर बाकी कितीही असूदेत नापास. क्लासात आठवड्यातून एकदा स्पीकर लावायचे, जूनमध्ये पावसाने लाईट गेली की तेही बंद. मी स्वयंपाक करताना कानात ऑडिओ लावून ठेवायचे, त्यावरच तरले, २६ आले. बोलण्याची तर परीक्षाच नसते म्हणून क्लासात बोलणंही नाय. एका ऑनलाईन गप्पांच्या सेशनला मी एका जपानी काकूंना ओबाआसान म्हटलं. ओबासान म्हणजे काकू, आ लांबवला की आजी! शाळेत ऱ्हस्व-दीर्घाला मार्क कापायचे तेव्हा बाईंचा राग यायचा. आणि बोलणं लागतंच, जपानमध्ये विद्यार्थ्यांना परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलता आलं पाहिजे ना.

परीक्षा जुलैच्या पहिल्या रविवारी, आमचं सेंटर पुणे. भर पावसात घाटात दरड कधी येईल सांगता येत नाय म्हणून शुक्रवारच्या रातराणीनेच गेलो, शनिवार मावशीकडे काढला.

पाचपैकी साडेतीन. लिपी आणि मोजणीसाठी जा, पण पैसे भरायच्या आधी दीडशे तासांचं लिहून घ्या.