घरची टेप, मापाचा ब्लाउज की टेलरकडचे माप: कपडे शिवायला देताना काय निवडावे

ब्लाउज, कुर्ता किंवा सलवार शिवायला टाकताना आपले माप शिवणाऱ्यापर्यंत पोचवण्याचे तीन मार्ग असतात. घरी टेपने अंगाचे माप घेऊन आकडे कळवता येतात, नीट बसणारा एखादा जुना कपडा नमुन्यादाखल देता येतो, किंवा स्वतः दुकानात जाऊन टेलरकडून माप घेऊन घेता येते. ज्यांचा टेलर दोन गल्ल्या सोडून आहे त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. मात्र नोकरीनिमित्त बंगळुरूला राहणारी मुलगी पुण्यातल्या नेहमीच्या टेलरकडून ब्लाउज शिवून मागवते, किंवा परदेशातली बहीण इथल्या लग्नासाठी आधीच कपडे तयार करून ठेवायला सांगते, तेव्हा कोणता मार्ग धरावा हे ठरवावेच लागते. या लेखात तिन्ही मार्गांची तुलना केली आहे, आणि माझे मत आधीच सांगून टाकते. कोणताही एक मार्ग सगळ्या मापांना पुरत नाही. घेर अंगावरून घ्यावेत, खांदा, मुंढा (बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई) आणि गळा नीट बसणाऱ्या कपड्यावरून घ्यावेत, आणि कोणता आकडा कशावरून घेतला हे प्रत्येक आकड्यासमोर लिहावे.

ही शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची असूनही सर्वात जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून तुलनेआधी तिच्याकडे पाहू. अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांत ढिलाईचा फरक असतो. न ताणल्या जाणाऱ्या कापडाचा ब्लाउज छातीच्या मापापेक्षा जेमतेम एखादा इंच सैल ठेवतात, तर सरळ कुर्ता साधारण तीन ते चार इंच सैल असतो, कारण त्यात हात वर करायचा, बसायचे आणि वाकायचे असते. समजा, छाती ३६ इंच आहे आणि अंगात छान बसणारा कुर्ता पसरून मोजला तर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत २० इंच, म्हणजे एकूण घेर ४० इंच भरतो. आता ‘छाती ४०’ एवढेच कळवले, तर शिवणारा ते अंगाचे माप समजून त्यावर आपली ढिलाई चढवेल आणि कुर्ता ४४ इंचांचा होईल. उलट ‘छाती ३६’ हा अंगाचा आकडा कोणी कपड्याचा समजला, तर कुर्ता काखेत आवळेल आणि पाठीवर आडव्या चुण्या पडतील. दूरवरून शिवून आलेले जे कपडे बिघडतात, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ मापाच्या चुकीत नसून या गोंधळात असते, असे मला ठामपणे वाटते.

घरी स्वतः माप घेण्याचा मोठा फायदा म्हणजे आजचे शरीर मोजले जाते. जुना ब्लाउज दोन वर्षांपूर्वीचा असतो, टेलरच्या वहीतला आकडा त्याहून जुना असू शकतो. टेप मात्र आज जे आहे तेच सांगते. छाती, छातीखालचा घेर, कंबर, सीट (नितंबांचा सर्वात मोठा घेर), दंडघेर, मनगट ही मापे आरशासमोर उभे राहून एकटीला घेता येतात. त्यांत दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे टेप मागून घसरते आणि पुढे वर, मागे खाली अशी तिरपी होते. तिरपी टेप बहुधा चुकीचा आकडा दाखवते, म्हणून आरशात बाजूने पाहून ती जमिनीला समांतर आहे ना, याची खात्री करावी. दुसरी चूक म्हणजे आकडा वाचण्यासाठी आपण मान खाली घालतो, त्याबरोबर खांदे पुढे येतात आणि छातीचे माप बदलते. त्यापेक्षा टेप ज्या आकड्यावर येते तिथे चिमटीत घट्ट धरावी, टेप अंगावरून काढावी आणि मग वाचावी. साडीखाली किंवा कुर्त्याखाली जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून माप घ्यावे. प्रत्येक माप दोनदा घ्यावे, आणि दोन आकड्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावे.

कंबर नेमकी कुठे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण सर्वात जास्त घोळ इथेच होतो. कपड्यांच्या मापांसाठी असलेल्या आयएसओ ८५५९-१ या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात कंबर ही सर्वात खालची बरगडी आणि ओटीपोटाच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध धरली आहे. आपण परकर बांधतो ती जागा बहुधा याहून खाली असते, जीन्सची जागा तर आणखी खाली. म्हणून कमरेला एक बारीक इलॅस्टिक बांधून, कपडा जिथे बसायला हवा तिथे ते सरकवावे, तिथेच घेर मोजावा, आणि खाली जाणारी सगळी उंचीही त्याच इलॅस्टिकपासून घ्यावी. असे केले की घेर एका ठिकाणचा आणि उंची दुसऱ्या ठिकाणची, असा प्रकार होत नाही.

एकटीने न घेता येणारी मापे मात्र खरोखरच घेता येत नाहीत, आणि तिथे हट्ट धरू नये. शोल्डर म्हणजे एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मानेच्या मागच्या उंच हाडावरून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंतचे अंतर. ते मोजण्यासाठी हात मागे नेला की खांदाच हलतो. पाठीची उंची आणि मुंढा यांचेही तसेच. घरात कोणी मदतीला असेल तर ही मापे घेता येतात, पण टेप धरणाऱ्याला हाडाचे टोक बोटाने चाचपून शोधायला आधी सांगावे लागते. डोळ्यांच्या अंदाजाने घेतलेला खांदा सहज अर्धा-पाऊण इंच चुकतो, आणि ब्लाउजमध्ये तेवढी चूक बाही ओघळायला किंवा काचायला पुरेशी असते.

नेमक्या याच मापांसाठी मापाचा ब्लाउज उपयोगी पडतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका शिवायला कापड देताना पिशवीत एक जुना ब्लाउजही टाकतात. अनोळखी पुरुष टेलरकडून अंगाला टेप लावून घेण्याचा संकोच हे त्याचे एक मोठे कारण आहे, आणि तो संकोच पूर्णपणे रास्त आहे. शिवाय खांदा, बाहीची लांबी, पुढच्या-मागच्या गळ्याची खोली हे सगळे कपड्यात आधीच सिद्ध झालेले असते. ब्लाउज पाठवणे शक्य नसेल तर तो मोजून आकडे कळवता येतात, पण सपाट कापडासारखा पसरून मोजल्यास आकडे फसवे येतात, कारण टक्स (आकार देण्यासाठी कापड दुमडून घातलेल्या शिवणी) किंवा कटोरी (छातीसाठी वेगळा बेतलेला वाटीसारखा भाग) यांमुळे पुढच्या भागाला फुगवटा असतो आणि तो दाबला की घेर कमी भरतो. म्हणून पाठ वेगळी मोजावी आणि पुढचा भाग हूक लावून, फुगवट्यावरून टेप नेऊन वेगळा मोजावा. मुंढा मोजताना टेप आडवी न ठेवता तिची कड शिवणीवर उभी करावी आणि खांद्याच्या शिवणीपासून काखेपर्यंत वळणावरून हळूहळू फिरवत न्यावी. कडेवर उभी केलेली टेप वळण नीट पकडते, आडवी टेप चुणी घेते. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल कोरलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजून बेरीज करावी.

मापाच्या ब्लाउजचे दोष त्याच्या गुणांतूनच येतात. शिवणारा त्याची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे त्यातली खोटही नव्या कपड्यात उतरते. खूप धुतलेला सुती ब्लाउज आटलेला असतो, आणि स्ट्रेच कापडाचा ब्लाउज नमुना म्हणून दिला तर त्याच मापाचा रेशमी ब्लाउज चढणारसुद्धा नाही. कडेच्या शिलाया उसवून सैल केलेला ब्लाउज देताना बाहेरची शिलाई धरायची की आतली, हे चिठ्ठीत लिहावे. पॅटर्न बदलणार असेल, म्हणजे नमुना साध्या टक्सचा आणि हवा आहे प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या लांब उभ्या शिवणींचा), तर घेर आणि खांदा घेता येतो, पण छातीवरच्या शिवणीची जागा त्यातून मिळत नाही. त्यासाठी खांदा मानेला मिळतो तिथपासून छातीच्या सर्वोच्च बिंदूपर्यंतचे आणि दोन्ही बाजूंच्या सर्वोच्च बिंदूंमधले, ही दोन्ही अंतरे अंगावरच घ्यावी लागतात. सुदैवाने ती आरशासमोर एकटीला नीट घेता येतात.

टेलरकडे जाऊन माप देणे हा तिन्हींतला सर्वात भरवशाचा मार्ग आहे, आणि ते जमत असेल तर तोच निवडावा. याचे कारण टेपपेक्षा टेलरच्या नजरेत आहे. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता आहे, पाठीला थोडा बाक आहे, हे अनुभवी माणूस माप घेता घेताच टिपतो आणि बेतताना त्याची भरपाई करतो. हे कोणत्याही आकड्यात लिहिता येत नाही. मर्यादा एवढीच की वहीतली मापे त्याच्या पद्धतीची असतात. कोणी अंगाचे माप लिहितो, कोणी ढिलाई धरून तयार माप लिहितो. म्हणून वहीच्या पानाचा फोटो काढून दुसरीकडे पाठवण्याआधी ते आकडे कसले आहेत, हे विचारून घ्यावे.

तयार कपड्यांचे साइज चार्ट आणि फोनवरची मापाची ऍप यांचा उल्लेख थोडक्यात पुरेल. चार्टमधला आकडा कुठे अंगाचा असतो, कुठे कपड्याचा. वरची टीप वाचल्याशिवाय तो वापरू नये. पुरुषांच्या फॉर्मल शर्टावरचे ४० किंवा ४२ हे कॉलरचे सेंटिमीटरमधले माप असते, म्हणजे साधारण पावणेसोळा आणि साडेसोळा इंच, तरीही ते छातीचे इंच समजून खरेदी करणारे पुष्कळ आहेत. भारतीय शरीरांवर आधारलेला एक सामाईक तक्ता असावा, यासाठी निफ्ट या फॅशनचे शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने १५ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५,००० लोकांची मापे मुंबईसह सहा शहरांत त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. असा तक्ता दुकानांत रुळला तर तयार कपडे निवडणे खूप सोपे होईल. फोनच्या ऍपला समोरून आणि बाजूने फोटो लागतात, आणि त्यासाठी अंगाबरोबरचे कपडे घालावे लागतात. ब्लाउजसारख्या चपखल कपड्यासाठी त्या अंदाजावर मी विसंबणार नाही, आणि असे फोटो कुठे साठवले जातात हे कळल्याशिवाय ते देऊही नयेत.

आता निवडीचा प्रश्न कपड्यानुसार सुटतो. शिवलेली नऊवारी मागवायची असेल तर घरी घेतलेले अंगाचे माप बहुतेक वेळा पुरते, कारण कंबर, सीट आणि कमरेपासून टाचेपर्यंतची उंची यांवरच तिचे बसणे अवलंबून असते. उंची मात्र समारंभात जी पादत्राणे घालणार ती घालूनच मोजावी. सरळ कुर्त्यासाठी छाती आणि सीट अंगावरून, शोल्डर आणि बाही आवडत्या कुर्त्यावरून, अशी सरमिसळ उत्तम चालते. पँटसाठी तर चांगली बसणारी पँटच मोजावी, कारण आतल्या बाजूची उंची स्वतःच्या अंगावर मोजायला वाकावे लागते आणि वाकले की आकडा बिघडतो. कमरेच्या लेबलवरचा इंचांचा आकडा मात्र मापासाठी घेऊ नये; पुष्कळ कंपन्या प्रत्यक्ष घेरापेक्षा लहान आकडा छापतात.

आकडे कळवताना एकच एकक वापरावे. आपल्याकडचे टेलर इंचांत काम करतात, म्हणून परदेशातून मापे पाठवणाऱ्यांनी टेपची इंचांची बाजू वापरावी आणि ३६.३ असे दशांश न लिहिता ‘३६ आणि पाव’ असे लिहावे. टेप जुनी असेल तर आधी ती फूटपट्टीला लावून पाहावी. वापरून ताणलेली कापडी टेप बारा इंचांतच फरक दाखवू लागते.

पैठणीच्या ब्लाउजचा विचार वेगळा करावा लागतो, कारण साडीसोबत आलेला ब्लाउजपीस एकच असतो, त्याचे काठ बाह्यांवर यावेत अशी अपेक्षा असते, आणि एकदा चुकीचे बेतले की दुसरे कापड मिळत नाही. इथे टेलरकडे प्रत्यक्ष जाता येत असेल तर दुसरा विचारच करू नये. जाता येत नसेल तर आजचे घेर अंगावरून घ्यावेत, मापाचा ब्लाउज कुरियरने पाठवावा आणि या दोन्हींवरून आधी साध्या सुती कापडाचा एक ब्लाउज शिवून मागवावा. तो अंगात घालून, हात वर करून, पदर खांद्यावर घेऊन पाहावा. जिथे काचतो किंवा सैल पडतो तिथे टाचणी लावून फोटोसह कळवावे, आणि मगच रेशमाला कात्री लावायला सांगावे. त्याच वेळी कडेच्या शिवणीत दोन्ही बाजूंना किमान एकेक इंच माया (शिवणीच्या आत राखलेले जादा कापड) ठेवायला सांगावे, म्हणजे पुढे अंग भरले तरी तोच ब्लाउज उसवून सैल करता येईल.