एट्सीडी: दूध संकलनाच्या दरतक्त्यासाठी वापरून पाहिलेलं

करवीर-कागलकडच्या काही दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) मोजून पावती निघते. दर मात्र सगळीकडे एकाच तक्त्यातला लागतो. पूर्वी एक मुख्य सर्व्हर आणि एक राखीव होता. एकदा मधली लाइन तुटली, राखीवला वाटलं मुख्य गेला, आणि दोघंही मालक होऊन बसले. सारख्याच फॅटच्या दुधाला दोन संस्थांत दोन दर! दहा दिवसांचं बिल हातानं दुरुस्त करताना म्हातारी माणसं पावत्या धरून समोर उभी होती, ते मी विसरलेले नाही.

2023 मध्ये एट्सीडी (etcd) बसवलं. अनेक यंत्रांवर एकच माहिती सारखी ठेवणारं हे सॉफ्टवेअर. फुकट मिळतं. राजारामपुरी, शिरोली, कागल अशी तीन यंत्रं. त्यांतला एक म्होरक्या. नवा दर तो इतरांना पाठवतो, एकाचा होकार आला की त्याच्यासह दोघं, म्हणजे बहुमत. दर पक्का. पाच यंत्रांत प्रत्येकानं प्रत्येकाला कळवायचं तर 20 निरोप. इथे म्होरक्याकडून जाणारे 4, त्याच्याकडे येणारे 4. मोबाइलच्या नेटवर चालणाऱ्या आमच्या संस्थांना हे फार मोलाचं.

2024 च्या जुलैत पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शिरोलीचं नेट गेलं. म्होरक्या नेमका तिथेच! दोनेक सेकंदांत उरलेल्या दोघांनी कागलला पुढे केलं. शिरोलीचं यंत्र जुना तक्ता दाखवत राहिलं, पण नवा दर लिहून घ्यायला त्यानं साफ नकार दिला. मला नेमकं हेच हवं होतं.

निरोपाला किती उशीर होईल याची हमी नसेल, तर गप्प यंत्र बंद आहे की नुसतं मंद, हे ओळखता येत नाही. अशा व्यवस्थेत एक यंत्र जरी बंद पडू शकत असेल, तरी ठरीव पायऱ्यांची कोणतीच पद्धत निर्णयाची हमी देऊ शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी 1985 मध्येच सिद्ध केलंय. म्हणून एट्सीडी मुदत धरून चालतं: हार्टबीट, म्हणजे म्होरक्याचा ‘मी आहे’ हा निरोप, दर 100 मिलिसेकंदांनी; तो 1000 मिलिसेकंद आलाच नाही तर नव्या म्होरक्याची निवडणूक. अंदाज चुकला तर निर्णय लांबतो, पण दोन निर्णय होत नाहीत. कागलला जुनी, मंद हार्ड डिस्क होती तेव्हा मुदत चुकून म्होरक्या सारखा बदलायचा. एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, मुदती तिप्पट केल्या, मग थांबलं.

एखादं यंत्र खोटंच बोलू लागलं तर मात्र हे कामाचं नाही. तसं एक यंत्र असूनही काम नीट चालायला एकूण चार यंत्रं आणि वेगळी पद्धत लागते. पावत्याही यात भरू नका, साठ्याची मूळ मर्यादा 2 जीबी आहे.

तीनपैकी दोन गेली तर लिखाण बंद. म्हणून यंदा पावसाआधी गडहिंग्लज आणि हातकणंगल्याला आणखी दोन बसवतेय, आणि शिरोलीचं यंत्र वरच्या मजल्यावर नेतेय.