ओसीआयची कागदं आणि नागाळा पार्कातलं झेरॉक्सचं दुकान, ४ स्टार

म्युनिकला राहून १५ वर्षं झाली, पोरगी तिकडंच जन्मली, तिचा पासपोर्ट जर्मन. मे महिन्यात कोल्हापूरला आलो तेव्हा तिच्या ओसीआयची (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतंय ते कार्ड) कागदं एकदाची तयार करून न्यायची असं ठरवलेलं. आधी एका एसी ऑफिसवाल्या कन्सल्टंटकडं गेलो, नाव घेत नाही, त्यानं २२ हजार सांगितले आणि वर फुकटचा सल्ला, की जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालू केलंय की, पोरीचा भारताचा पासपोर्टपण काढून ठेवू आणि तुमचं जर्मन झालं की तुमचा जुना असू दे कपाटात, कोण बघतंय. मी जवळजवळ हो म्हटलेलं.

मग मेव्हण्यानं कलेक्टर ऑफिसजवळच्या या दुकानात नेलं. दुकान म्हणजे दोन झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर आणि काका. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "दादा, जर्मनीनं चालू केलं, आपण कुठं केलंय?" १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं कलम ९ त्यांना तोंडपाठ, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की इथलं त्याच क्षणी संपलं, पासपोर्ट सरेंडर करायचा. आणि परदेशात जन्मलेल्या पोराची भारतीय म्हणून नोंद करताना त्याच्याकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापानं लिहून द्यायला लागतं. म्हणजे मला खोटं लिहायला लावणार होता की तो गडी!

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा समजा, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हेपण काकांनीच सांगितलं. शिरोळच्या उसाचं काय म्हणून मी घाबरलो, तर वारसानं आलेली ठेवता येते. आणि कार्ड मिळालं म्हणून निवांत बसायचं नाही, २० वर्षांची होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला तो आणि नवा फोटो ऑनलाइन चढवायचा. जर्मनीत पोरांचा पासपोर्ट ६ वर्षांचाच असतोय, तारीख लिहून ठेवा म्हणाले.

खरी करामत फोटो आणि सहीत. फोटो ५१ बाय ५१ मिलिमीटर पाहिजे, स्टुडिओवाल्यानं नेहमीचा ३५ बाय ४५ चा दिलेला, तो बाद. सही उंचीच्या तिप्पट रुंद चौकटीत बसायला लागते. काकांनी पट्टीनं कागदावर चौकट आखली, पोरीला स्टुलावर उभं केलं आणि म्हणाले, "बाळ, रेषेला हात लावायचा नाही." आठव्या कागदावर बसली सही, शेवटचं अक्षर जरा चेपलंय. आमच्या लग्नाचा दाखला, जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट सगळं स्कॅन करून साइजमध्ये बसवून पेनड्राइव्हवर, एकूण ३४० रुपये.

एक स्टार कापला कारण बसायला एकच खुर्ची, पार्किंगच्या नावानं बोंब, आणि दुपारी १ ला शटर खाली म्हणजे खालीच, आमचं अर्धं स्कॅनिंग आत ठेवून काका जेवायला गेले ते ४ ला उगवले. सकाळी ११ च्या आत जावा, सुट्टे न्या.