आरटीएल-एसडीआर रिसीव्हर: घरून काम करणाऱ्या सल्लागाराच्या मेजावर तीन वर्षे

मी स्वतंत्र तंत्रज्ञान सल्लागार आहे. इतरांच्या नेटवर्कमध्ये किंवा सर्व्हरवर बिघाड झाला की त्याचे मूळ शोधून देणे हे माझे काम, आणि त्यातले बहुतेक काम घरातल्या एकाच मेजावरून होते. त्याच मेजावर गेली तीन वर्षे आरटीएल-एसडीआर प्रकारचा एक रेडिओ रिसीव्हर आहे. हौशी रेडिओकडे, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधण्याकडे, वळणाऱ्या प्रत्येकाला तो सुचवला जातो. परंतु दिवसभर दोन मॉनिटर, राउटर आणि अर्धा डझन अडॅप्टर यांच्या गराड्यात बसणाऱ्याला तो कितपत उपयोगी पडतो, हे मला कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे परीक्षण.

या रिसीव्हरच्या आत असलेली आरटीएल२८३२यू ही चिप मुळात संगणकावर डिजिटल टीव्ही दाखवणाऱ्या डोंगलसाठी, म्हणजे यूएसबीला जोडायच्या छोट्या उपकरणासाठी, बनवलेली होती. टीव्हीचा संकेत उलगडण्याच्या आधीचे कच्चे नमुनेही (संकेताची सेकंदाला लाखो वेळा घेतलेली मापे) ती यूएसबीवरून संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास उघड झाले आणि त्या साध्या डोंगलचा सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ झाला. आर८२०टी२ हा ट्यूनर (हवी ती वारंवारिता निवडणारी चिप) सोबत असेल, तर साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७०० मेगाहर्ट्झच्या थोडे पुढपर्यंत ऐकता येते. त्याखालच्या लघुलहरींसाठी वेगळी सोय लागते, तिच्याविषयी पुढे सांगतो. एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पडद्यावर दिसतो. संकेत वरून खाली सरकत जातात आणि कोण कुठे बोलत आहे हे कानांच्या आधी डोळ्यांना कळते.

पहिल्याच संध्याकाळी मात्र माझी निराशा झाली. लघुलहरींवर, १४ मेगाहर्ट्झच्या आसपास, पडद्यावर ठरावीक अंतराने उभ्या रेघांची कंगव्यासारखी रांग दिसत होती आणि तिच्याखाली मानवी आवाज पूर्ण बुडाले होते. दोष रिसीव्हरचा असेल असे मला वाटले. पण कामातली सवय उपयोगी पडली: लॅपटॉप बॅटरीवर घेतला, बाकीची उपकरणे एकेक करून बंद केली आणि प्रत्येक वेळी पडदा पाहिला. एका मॉनिटरचा अडॅप्टर काढताच निम्म्या रेघा नाहीशा झाल्या, मेजावरचा एलईडी दिवा बंद केल्यावर उरलेल्यांपैकी बऱ्याच गेल्या. स्विचिंग पद्धतीचे हे वीजपुरवठे आत वेगाने चालू-बंद होत असतात, त्यातून उठणारा गोंगाट वायरींमधून बाहेर पडतो आणि त्या वायरीच अँटेनाचे काम करतात. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून वायरीचे सात-आठ वेढे घेतले की तो पुष्कळ कमी होतो. कोणते उपकरण किती गोंगाट करते हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या घरात नव्हते, आणि केवळ एवढ्यासाठीही हा रिसीव्हर घेण्याजोगा आहे असे माझे मत झाले आहे.

खरा फरक पडला तो रिसीव्हर मेजावरून हलवल्यावर. तो आता घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ, एका छोट्या संगणकाला जोडलेला आहे आणि अँटेनाची केबल त्यामुळे अगदी आखूड राहिली आहे. सुरुवातीला मी कच्चे नमुने नेटवर्कवरून मेजापर्यंत आणत होतो. सेकंदाला २४ लाख नमुने आणि प्रत्येकाचे दोन बाइट, म्हणजे ४.८ मेगाबाइट, तासाभरात १७ गिगाबाइटच्या वर. हा भार वाय-फायवर टाकून त्याच वेळी क्लायंटशी व्हिडिओवर बोलू लागलो, तेव्हा आवाज तुटू लागला आणि मला माफी मागावी लागली. नंतर संकेत उलगडण्याचे काम खिडकीजवळच्या संगणकाकडेच सोपवले. मेजावर येतो तो फक्त मजकूर, आणि त्याचा भार नगण्य असतो.

त्या मजकुरातला मोठा भाग एफटी८ या डिजिटल संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा असतो. २०१७ मध्ये आलेली ही पद्धत कानांना ऐकूही न येणाऱ्या क्षीण संकेतांतून स्टेशनचे संकेतनाव आणि साधारण ठिकाण काढून देते. तिचा प्रत्येक फेरा पंधरा सेकंदांचा असतो. माझा दिवस तासाच्या हिशेबाने तुकड्यांत विकलेला असतो, कोणत्याही क्षणी फोन येऊ शकतो, त्यामुळे लांबलचक संभाषण ऐकत बसणे जमत नाही. दोन बैठकांच्या मधल्या पाच मिनिटांत मात्र वीस फेरे होतात आणि त्या वेळी कोणत्या दिशेने लहरी पोहोचत आहेत याचे चित्र उभे राहते. संगणकाचे घड्याळ एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त चुकले तर काहीच उलगडत नाही, पण सर्व्हर सांभाळणाऱ्याला घड्याळे जुळवण्याचे वेगळे शिक्षण लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण होते, तेव्हाची दहा मिनिटे मी कॅलेंडरमध्ये आधीच राखून ठेवतो. स्थानक जवळ येताना संकेत सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना तेवढाच खाली सरकलेला दिसतो, आणि तो तिरका माग पडद्यावर उमटताना पाहणे मला आजही तितकेच आवडते.

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतील हौशी सेवेच्या व्याख्येतच, ती केवळ व्यक्तिगत उद्देशाने आणि आर्थिक लाभाविना करावयाची आहे, असे म्हटले आहे. ज्याच्या प्रत्येक तासाचे बिल होते, त्याच्या दिवसात असा एक कोपरा असणे मला फार मोलाचे वाटते.

उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. नमुने फक्त ८ बिटांचे असल्यामुळे अतिशय प्रबळ आणि अतिशय क्षीण संकेत एकाच वेळी पेलणे याला जमत नाही. या दोन टोकांमधल्या फरकाची तात्त्विक कक्षा सुमारे ५० डेसिबलची आहे, अरुंद पट्टा निवडल्यावर तीत काही भर पडते. जवळ एफएम प्रक्षेपण केंद्र असेल तर नको तिथे त्याची गाणी ऐकू येतात, आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावल्याशिवाय गत्यंतर नसते. लघुलहरींसाठी ट्यूनर वगळून थेट नमुने घेण्याची जी सोय काही डोंगलांत असते, तिच्यावर विसंबू नये. नमुने घेण्याचा ठेका देणारे चिपचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचे असल्याने त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्झच्या, पलीकडचे संकेत आरशासारखे अलीकडे उमटतात, आणि १४ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टा नेमका त्या सीमेला लागून आहे. अंतर्गत अपकन्व्हर्टर (लघुलहरींचे संकेत वरच्या वारंवारितेवर नेणारा भाग) असलेला रिसीव्हर निवडल्यास हा प्रश्न उरत नाही. साध्या डोंगलमधील स्फटिक तापल्यावर वारंवारिता सरकत जाते, म्हणून धातूचे आवरण आणि तापमानानुसार स्वतःला सावरणारा, १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) अचूकतेचा आंदोलक, म्हणजे ठेका देणारा स्फटिक-भाग, पाहूनच घ्यावा. १४५ मेगाहर्ट्झवर त्याची चूक १४५ हर्ट्झच्या आत राहते.

रिसीव्हर घेतल्यावर पहिला जादा खर्च महागड्या सॉफ्टवेअरवर करू नये, कारण लागणारे सर्व काही मोफत उपलब्ध आहे. तो फेराइटच्या कड्यांवर आणि अँटेना मेजापासून दूर नेण्यावर करावा. प्रक्षेपण या रिसीव्हरने होत नाही. मी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे आणि त्याचा वेळही कॅलेंडरमध्ये राखून ठेवला आहे, रोज संध्याकाळी अर्धा तास, शेवटच्या बैठकीनंतर.