पंधरा खोल्या आणि एक किचन: पहिला पैसा सोलरवर, गरम पाण्यावर की ओल्या कचऱ्यावर?

धंदा पर्यावरणाला धरून करायचा ठरले की बहुतेक गेस्ट हाऊसवाले आधी छपराकडे बघतात. पॅनेल दिसतात, फोटोत चांगली येतात. पण गोव्यात खर्चाचा क्रम सीझन ठरवतो. नाताळात एक खोली रिकामी नसते आणि मिरगापासून चतुर्थीपर्यंत निम्म्या खोल्यांना कुलूप असते. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला आधी विचारा: गिऱ्हाईक नसलेल्या चार महिन्यांत तुमच्या यंत्राचे काय होते?

उदाहरणाला हरमल किंवा पाळोळेसारख्या गावातली जागा घेऊ: 15 खोल्या, भरल्या दिवशी 30 पाहुणे, खाली 60 खुर्च्यांचे रेस्टॉरंट. खरेदीआधी दोन कामे करा. वीज खात्याची बारा महिन्यांची बिले शेजारी शेजारी मांडा, आणि किचनमधला ओला कचरा सात दिवस वजनकाट्यावर ठेवून लिहून काढा. या दोन कागदांशिवाय मागवलेले कोटेशन विक्रेत्याच्या सोयीचे असते, तुमच्या नव्हे.

गरम पाणी

माणशी 40 लिटर धरले तर भरल्या दिवशी 1200 लिटर पाणी लागते. ते 27 अंशांवरून 55 वर न्यायला सुमारे 39 युनिट उष्णता लागते, आणि खोलीखोलीतले गीझर तासन्‌तास चालू राहतात त्यामुळे प्रत्यक्षात 45 पर्यंत वीज जाते. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, म्हणून तेच काम 12-13 युनिटांत उरकतो. रोजचे 30 युनिट वाचले. एवढीच वीज छपरावर तयार करायची तर साडेसात किलोवॉटची पॅनेल बसवावी लागतील. आमच्या मते निर्णय इथेच निम्मा होतो.

सोलर वॉटर हीटर हा दुसरा मार्ग. दर 100 लिटरला अंदाजे 2 चौरस मीटर कलेक्टर लागतो, म्हणजे 1200 लिटरला 24. ही जागा पुढे पॅनेलना कमी पडते, आणि पावसात विजेचा आधार लागतोच. हीट पंप मागच्या अंगणात मावतो आणि थंड हवा बाहेर टाकतो. त्याचे तोंड भांडी घासण्याच्या जागेकडे ठेवले तर तिथली माणसे दुवा देतील.

बिघडते ते पाइपांमुळे. 20 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे 0.3 लिटर पाणी मावते. टाकीपासून 20 मीटरवरच्या खोलीत पाहुणा आधी सहा लिटर गार पाणी वाहू देतो, मग तक्रार करतो. परतीची लाइन (पाइपातले पाणी पुन्हा टाकीकडे फिरवणारी) आणि पाइपांवर इन्सुलेशन पहिल्याच दिवशी घ्या. 1500 लिटरची एक टाकी घेऊ नका, 750 च्या दोन घ्या. जुलैत तीनच खोल्या भरल्या की एक बंद ठेवता येते. विहीर जांभ्यातली असेल तर पाणी आधी तपासून घ्या. ते बहुधा आम्लधर्मी असते आणि जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून खाते.

सोलर

एक किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर मोकळा स्लॅब आणि वर्षाला सुमारे 1400 युनिट, असा हिशेब धरा. जुलैत उत्पादन निम्म्यावर येते. मात्र सीझनच्या कसोटीला सोलर छान उतरते: खोल्या बंद असल्या तरी नेट मीटरिंगमुळे वीज ग्रिडमध्ये जाते आणि पुढच्या बिलात वळती होते. तरी गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेऊ नका. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना तुमच्या बिलाचा दर मिळत नाही.

2024 ची पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, व्यावसायिक जोडणीला तिचे अनुदान नाही. धंद्याला सोलरवर प्राप्तिकरात 40 टक्के घसारा मिळतो, त्याचा हिशेब सीएकडून आधी करून घ्या.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे सोलर लावले की जनरेटर नको. पॅनेलची वीज वापरायोग्य करणारा, साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद पडतो, कारण लाइन दुरुस्त करणाऱ्या माणसाला धक्का बसता कामा नये. पावसात माड तारांवर पडला की पॅनेल असूनही डिझेल जाळावेच लागते. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर सुरुवातीलाच मागा.

माडाचा दुसरा त्रास म्हणजे सावली. एका पॅनेलवर झावळीची सावली आली तरी ओळीतली सगळी पॅनेल मंदावतात. नारळ पडून काच फुटते ते वेगळेच. मंगळुरी कौलांवर पॅनेल बसवायचे म्हणजे दरवर्षी कौले शाकारताना ती काढायची, म्हणून स्लॅब नसेल तर हा विषय तिथेच सोडा. किनाऱ्यावर स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) हवे, नुसता रंग दिलेले लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. आणि जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. पॅनेलकडची डीसी बाजू, ग्रिडकडची एसी बाजू आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांचे तीन वेगळे खड्डे घ्या, काम संपल्यावर मीटर लावून रोध समोर मोजून घ्या. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात इन्व्हर्टर जळतो तो बहुतेकदा इथेच झालेल्या कंजुषीमुळे.

ओला कचरा

यातून पैसा फारसा सुटत नाही. यात पडायचे ते कचरा वाहणाऱ्या गाडीवर विसंबून राहावे लागू नये म्हणून, आणि शेजाऱ्यांनी पंचायतीत जाऊ नये म्हणून. दिवसाला 100 किलोपर्यंत पोचणाऱ्या मोठ्या हॉटेलांवर कायद्याने स्वतःची व्यवस्था करायची जबाबदारी येते. आपले उदाहरण 25-30 किलोचे आहे.

बायोगॅसमध्ये 25 किलोतून रोज जेमतेम 2 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे सुमारे 0.9 किलो एलपीजी. 19 किलोचा एक सिलिंडर तीन आठवड्यांत वाचतो. पण सीझनच्या कसोटीला हाच नापास होतो. जूनमध्ये खाद्य थांबले की जिवाणू उपाशी राहून मंदावतात, ऑक्टोबरमध्ये पुन्हा शेणाने सुरुवात करायची आणि ज्योत नीट पेटायला दोन-तीन आठवडे थांबायचे. लिंबाच्या साली आणि कोकम जास्त गेले तर टाकी आंबते ते वेगळेच.

कंपोस्टला ही अडचण नाही. एक बादली ओल्याला दोन बादल्या पातेरा (वाळका पाला) किंवा नारळाच्या सोडणांचा भुसा, आठवड्यातून दोनदा उलथणे, सहा-सात आठवड्यांत खत. मिश्रण मुठीत दाबले की थेंब-दोन थेंब यावेत, धार लागली तर पातेरा वाढवा. मासळीची आतडी नि सुंगटांची (कोळंबीची) टरफले मधोमध पुरा, वर ठेवली की पहाटेपर्यंत कुत्री आणि माश्या. चोवीस तासांत खत देणारी विजेची यंत्रे कचरा नुसता सुकवतात. तो ओला झाला की पुन्हा तापतो, वास मारतो.

यंत्र कुठलेही घ्या, सकाळी अर्धा तास त्यावर घालणारा माणूस नावानिशी ठरवा. तसा माणूस नसेल तर कचऱ्याला हात लावू नका.

आमचा क्रम असा: आधी हीट पंप, मग कंपोस्ट, त्यानंतर कमी झालेल्या बिलावर मोजलेले सोलर. काही जागांचा क्रम उलटेल. खोल्या थोड्या आणि दिवसभर एसी, फ्रीजर चालणारे रेस्टॉरंट मोठे असेल तर आधी सोलर.

पाइपांची फोडाफोड जुलै-ऑगस्टमध्ये, खोल्या रिकाम्या असताना करा. नेट मीटरिंगचा अर्ज मात्र फेब्रुवारीतच टाका, म्हणजे स्ट्रक्चरचे काम एप्रिल-मेच्या कोरड्या स्लॅबवर होईल. आणि काजूखालचा पातेरा पहिल्या सरीआधी पोत्यांत भरून छपराखाली ठेवा, जूननंतर कोरडे पान मिळत नाही.